चुकून पुसले गेले, तर दोष कुणाचा?



पूर्वी आपल्या घरांत एक लोखंडी ट्रंक असे. जमिनीचे कागद, बाप्तिस्म्याचे दाखले, आजी-आजोबांच्या लग्नातला पिवळा पडलेला फोटो, आखातातून किंवा बोटीवरून आलेली पत्रे असे सारे तिच्यात जपून ठेवलेले असे. किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे राही. आज त्या ट्रंकेची जागा तळहातावर मावणाऱ्या एका काळ्या डबीने घेतली आहे. तिला आपण एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतो. ट्रंकेत मावले नसते इतके तिच्यात मावते. पण तिला किल्ली नाही. घरातले कुणीही ती कुठल्याही यंत्राला जोडू शकते, आणि मग एखाद्या दिवशी कुणाच्या तरी हातून ती फॉरमॅट होते.

ही चूक कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. कधी डिस्क संगणकातून घाईने ओढून काढली जाते. पुढच्या वेळी ती जोडली की संगणकाला तिच्यातली मांडणी वाचता येत नाही आणि पडद्यावर सूचना येते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? यंत्र इतक्या सहजपणे विचारते की माणूसही सहजपणे 'हो' म्हणून जातो. कधी एकाच वेळी दोन डिस्क जोडलेल्या असतात. पुसायची असते रिकामी आणि पुसली जाते भरलेली, कारण पडद्यावर दोघींत फरक असतो तो एका इंग्रजी अक्षराचा. कधी टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून ठेवावा म्हणून डिस्क टीव्हीला जोडली जाते आणि टीव्ही ती आधी आपल्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतो.

या तिन्ही प्रसंगांत कुणाच्याही मनात वाईट हेतू नसतो. सारे काही सेकंदांत उरकते. पण तेवढ्यात बारा-पंधरा वर्षांचे फोटो, लग्नाची चित्रफीत, मुलीचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, निवर्तलेल्या आईचा आवाज असे सगळे एकदम दिसेनासे होते. मग घरात पहिला प्रश्न उमटतो, "कुणी केलं हे?"

प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो पहिला असावा का? ज्याच्या हातून हे घडले त्याला दोषी म्हणायचे का, आणि म्हणायचे तर किती? उलट, "चुकून झालं" एवढे म्हटले की तो मोकळा होतो का? वरवर हा संगणकाचा विषय वाटतो. खरे पाहता हा माणसामाणसांतला जुनाच प्रश्न आहे. नकळत झालेल्या चुकीशी आपण कसे वागतो, हे या छोट्या डबीमुळे पुन्हा समोर आले आहे, इतकेच.

पुसले म्हणजे नेमके काय झाले?

नैतिक प्रश्नाकडे जाण्यापूर्वी डिस्कमध्ये काय घडते ते समजून घेऊ, कारण पुढचा विचार त्यावरच उभा आहे.

एखादे मोठे ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटांत हजारो पुस्तके आहेत आणि दाराशी एक सूची आहे. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, ते सूचीत लिहिलेले आहे. आपण जे झटपट फॉरमॅट करतो त्यात ही सूची टाकून दिली जाते आणि तिच्या जागी नवी कोरी सूची ठेवली जाते. पुस्तके मात्र कपाटांतच असतात. संगणक फक्त सूची पाहतो, म्हणून तो म्हणतो, "डिस्क रिकामी आहे." ती रिकामी नसते. तिच्यात काय आहे हे सांगणारे कुणी उरलेले नसते, एवढेच.

धोका यापुढे सुरू होतो. सूची कोरी असल्यामुळे संगणक सगळ्या फळ्या मोकळ्या समजतो. आपण नवीन काही साठवले की ते तो जुन्या पुस्तकाच्या जागी ठेवतो. तेव्हा जुने खरोखरच जाते आणि सहसा परत मिळत नाही. म्हणून जाणकार पहिला सल्ला देतात तो काही करण्याचा नाही, थांबण्याचा. डिस्क काढून ठेवा. तिच्यावर काहीही साठवू नका. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रामसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका, आणि मिळालेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. शक्य असेल तर आधी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा.

असे प्रोग्राम आज विनामूल्यही मिळतात. फोटोरेक हा त्यांतला एक परिचित प्रोग्राम. तो सूचीकडे पाहतच नाही. एकेक फळी चाचपत जातो आणि फाइलीची ओळख तिच्या सुरुवातीच्या खुणेवरून पटवतो. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होते, ती दिसली की इथे फोटो आहे असे तो ओळखतो. या पद्धतीने पुष्कळ काही परत मिळते, पण फाइलींची नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो येतात ते नुसते क्रमांक घेऊन. 'मावशीचे लग्न' किंवा 'बाळाचा बाप्तिस्मा' असे काही त्यांवर लिहिलेले नसते. काही फाइली अर्ध्याच मिळतात, कारण त्यांचे तुकडे डिस्कवर निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात.

याला मर्यादाही आहेत. विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासून संपूर्ण फॉरमॅटचा पर्याय निवडला तर साऱ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात, तिथे शोधायला काही उरत नाही. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कमध्ये तर झटपट फॉरमॅटनंतरही अनेकदा जुना मजकूर आतल्या आत साफ होऊन जातो. म्हणजे आशा असते, पण तिला मुदत असते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. फॉरमॅट झाल्यानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. आणि त्या तासात काय घडले हे साधारणपणे एकाच माणसाला ठाऊक असते. ज्याच्या हातून ते घडले त्याला. त्याने लगेच सांगितले तर डिस्क बाजूला ठेवली जाते. तो घाबरून गप्प राहिला, कुणाला कळू नये म्हणून डिस्क जागच्या जागी ठेवून दिली, तर दुसऱ्या दिवशी घरातला दुसरा कुणी तिच्यावर सिनेमे भरतो. फाइली पहिल्या चुकीने जात नाहीत. त्या बऱ्याचदा त्यानंतरच्या मौनाने जातात.

दुर्दैव, चूक आणि अन्याय

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात, माणसाच्या हातून दुसऱ्याला होणाऱ्या हानीचे प्रकार वेगळे करून दाखवले आहेत. जे होईल असे कुणालाही वाटले नसते ते दुर्दैव. जे होऊ शकेल हे लक्षात यायला हवे होते, पण मनात दुष्टावा नव्हता, ती चूक. आणि जे जाणूनबुजून केले तो अन्याय.

आपल्या उदाहरणाला हे चपखल लागू पडते. टीव्हीने स्पष्ट न सांगता डिस्क फॉरमॅट करून घेतली, तर ते बव्हंशी दुर्दैव. डिस्कवर 'पुसू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली असताना न वाचता 'हो' दाबले, तर ती चूक. भावाभावांच्या भांडणात एकाने दुसऱ्याची डिस्क मुद्दाम पुसली, तर तो अन्याय. तिन्ही वेळा डिस्क सारखीच कोरी होते. पण नुकसान सारखे म्हणून दोष सारखा ठरत नाही. रागाच्या भरात आपण नेमके हेच विसरतो. आपण नुकसानाच्या मापाने दोष मोजतो.

चुकीसाठी ॲरिस्टॉटल जो शब्द वापरतो तो आणि ग्रीक नव्या करारात पापासाठी येणारा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. मूळ अर्थ नेम चुकणे. शब्द सख्खे असले तरी ख्रिस्तसभेच्या नीतिविचाराने त्यांत भेद केला आहे. १९९२ साली प्रकाशित झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सांगितले आहे की अज्ञान, अनवधान, भीती, सवय अशा कारणांनी कृत्याचा दोष कमी होऊ शकतो, कधी कधी उरतही नाही. पण त्याच्या लगेच पुढे दुसरी बाजूही मांडली आहे. जे माहीत करून घ्यायला हवे होते किंवा करायला हवे होते त्याची हेळसांड केल्यामुळे काही घडले, तर त्याची जबाबदारी माणसावर येते. वाहतुकीचे नियम न शिकता गाडी चालवणाऱ्याच्या हातून झालेला अपघात हे तिथले उदाहरण आहे.

हा दुसरा मुद्दा आपल्या घरांना अधिक लागू पडतो. हेळसांड नेमकी कुणाची, हे विचारले की बोट एकाच माणसाकडे राहत नाही. डिस्क फॉरमॅट करणारा हात एकाचा होता. पण पंधरा वर्षांच्या आठवणी एकाच डबीत ठेवून तिची दुसरी प्रत न काढणारे हात घरातल्या सगळ्यांचेच होते. 'पुढच्या महिन्यात करू' म्हणत गेलेल्या त्या वर्षांना कुणी दोष देत नाही, कारण त्या प्रत्येक दिवशी काहीच बिघडलेले नसते. बिघडते ते एका दिवशी, आणि त्या दिवशी जो संगणकासमोर बसलेला असतो त्याच्या माथी साऱ्यांची हेळसांड मारली जाते. याला न्याय म्हणता येईल का?

सारखीच चूक, वेगवेगळी शिक्षा

समजा, एकाच संध्याकाळी दोन घरांत डिस्क चुकून फॉरमॅट झाली. पहिल्या घरात दुसरी प्रत होती. सगळे हसले, चहा झाला, मुलाची थोडी थट्टा झाली. दुसऱ्या घरात प्रत नव्हती. तिथे वडिलांनी मुलाशी दोन महिने बोलणे टाकले. दोन्ही मुलांनी तेच केले होते, तितक्याच घाईने केले होते. एकाच्या वाट्याला थट्टा आली, दुसऱ्याच्या वाट्याला अबोला. फरक त्यांच्या वागण्यात नव्हता, नशिबात होता.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी याच कोड्यावर निबंध लिहिले. नेगल यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोन चालक सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण फार मोठा दोष देतो, दुसऱ्याला जवळजवळ नाहीच. माणसाला त्याच्या ताब्यातल्या गोष्टींबद्दलच दोष द्यावा असे आपण मानतो. मग ताब्यात नसलेल्या नशिबावर दोषाचे माप का बदलते?

विल्यम्स यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. एका ट्रकचालकाच्या गाडीखाली, त्याची काहीही चूक नसताना, एक मूल येते. पाहणाऱ्यांनाही वाईट वाटते, पण चालकाला वाटणारे दुःख निराळे असते, कारण ते त्याच्या हातून घडलेले असते. लोक त्याला समजावतात की यात तुझा दोष नाही. त्यांनी तसे समजावणे योग्यच आहे. पण तो चालक लगेच "खरंच की, माझा काय दोष?" म्हणून निवांत झाला, तर त्याच लोकांना ते खटकेल.

हा विचार घरात फार उपयोगी आहे. "जाऊ दे, मुद्दाम थोडंच केलंस" हे वाक्य नुकसान सोसणाऱ्याने म्हणायचे असते. ज्याच्या हातून झाले त्याने स्वतःच ते म्हणून टाकले तर जखमेवर मीठ पडते. त्याने म्हणायचे वाक्य वेगळे आहे : "माझ्या हातून झालंय. आता काय करता येईल ते मी करतो." प्रत्येकाने आपापले वाक्य म्हटले तर घर सावरते. भांडण पेटते ते वाक्यांची अदलाबदल झाल्यावर. ज्याचे गेले तो "सगळी तुझीच चूक" म्हणतो आणि ज्याने घालवले तो "मला काय माहीत" म्हणतो.

अलास्कातील तीनशे खोकी

एका घराचे सोडून एका राज्याचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील अलास्का राज्यात खनिज तेलाच्या उत्पन्नातून १९७६ साली एक कायमस्वरूपी निधी स्थापन झाला. त्याच्या मिळकतीतून १९८२ पासून राज्यातील रहिवाशांना लाभांश दिला जातो. त्यासाठी दर वर्षी लाखो अर्ज येतात.

जुलै २००६ मध्ये तेथील महसूल विभागातला एक तंत्रज्ञ नेहमीच्या देखभालीचे काम करत होता. त्याच्या हातून अर्जदारांची माहिती असलेली डिस्क चुकून फॉरमॅट झाली. एवढ्यावर निभावले असते, कारण दुसरी डिस्क राखीव होती. पण तीही त्याने चुकून फॉरमॅट केली. तिसरा आधार होता टेपवरील प्रतींचा. त्या तपासल्या तर वाचताच येईनात. मोठ्या संगणक कंपन्यांचे तज्ज्ञ बोलावले गेले, त्यांनी काही दिवस खटपट केली, पण माहिती परत आली नाही. अर्ज आणि त्यांसोबतच्या कागदपत्रांच्या सुमारे ८ लाख प्रतिमा गेल्या. नऊ महिन्यांचे काम गेले.

उरले होते ते मूळ कागद, ३०० हून अधिक पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेवलेले. ती खोकी पुन्हा आणली गेली. सुमारे ७० माणसे जादा वेळ आणि शनिवार-रविवारही काम करत राहिली. एकेक कागद पुन्हा स्कॅन झाला, तपासला गेला, त्या त्या माणसाच्या नोंदीला जोडला गेला. ऑगस्टअखेर काम पुरे झाले. त्या वर्षीचा प्रत्येकी १,१०६ डॉलर ९६ सेंटचा लाभांश बहुतेकांना ठरल्या वेळी मिळाला. विभागाने पुढच्या वर्षी या कामाचा २,२०,७०० डॉलरचा जादा खर्च विधिमंडळाकडे उघडपणे मागितला. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम जादा वेळ काम करणाऱ्यांच्या मोबदल्याची होती.

आणि तो तंत्रज्ञ? तेव्हाच्या महसूल आयुक्तांनी नंतर सांगितले की या घटनेबद्दल कुणाही एकाला दोषी धरण्यात आले नाही.

काहींना हा ढिलेपणा वाटेल. पण नीट पाहा. त्या माणसाच्या हातून दोन डिस्क गेल्या हे खरे. परंतु टेप वाचता येतात की नाही हे कुणीच वेळेवर तपासले नव्हते. ती उणीव त्याची एकट्याची नव्हती, ती सबंध व्यवस्थेची होती आणि त्याच्या आधीपासूनची होती. त्याला हाकलून दिले असते तर लोकांचा राग शमला असता, टेप मात्र तशाच राहिल्या असत्या. विभागाने त्यानंतर प्रती काढण्याची आणि त्या परत वाचता येतात याची नियमित चाचणी घेण्याची पद्धत बसवली. बळीचा बकरा शोधला असता तर कदाचित हा धडा शिकायचा राहून गेला असता.

आणखी एक गोष्ट मनाला भिडते. ती ७० माणसे. त्यांच्यातल्या बहुतेकांचा या चुकीशी काहीही संबंध नव्हता. तरी दुसऱ्याच्या चुकीचे ओझे त्यांनी उचलले. मोबदला मिळाला हे खरे, पण त्यांचे शनिवार-रविवारही त्यात गेले. चूक एकाची आणि दुरुस्ती सगळ्यांची, हे काटेकोर हिशेबात बसत नाही. पण कुटुंब असो वा कार्यालय, ते टिकते ते अशा हिशेबाबाहेरच्या कामांवरच.

मग बेफिकिरी वाढणार नाही का?

इथे एक शंका रास्त आहे. प्रत्येक वेळी 'जाऊ दे' म्हटले तर कुणी काळजी घेईल का? क्षमेच्या नावाखाली आपण निष्काळजीपणालाच खतपाणी घालत नाही का?

ही शंका विमान वाहतुकीतही आली होती. तिथे तर चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. तरीही १९७६ पासून अमेरिकेत एक व्यवस्था चालू आहे. वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या हातून झालेल्या चुकीची माहिती नासा या संस्थेला कळवतो. चूक हेतुपुरस्सर नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवलेली असेल, तर नियमभंगाच्या दंडातून त्याला सहसा सूट मिळते. गुन्हे आणि अपघात मात्र या सवलतीबाहेर आहेत. या नियमातला विवेक पाहा. सूट सरसकट नाही. ती नकळत झालेल्या चुकीला आहे, आणि तीही लपवली नाही तर. शिक्षेच्या भीतीने वैमानिक गप्प राहिला तर तीच चूक उद्या दुसऱ्याच्या हातून होईल, हे त्यांनी ओळखले.

हाच विवेक आपल्याला घरात आणता येईल. नकळत झालेली चूक वेगळी, आणि सांगूनही पुन्हा पुन्हा केलेली हयगय वेगळी. लगेच येऊन सांगणारा वेगळा, आणि लपवून दुसऱ्यावर ढकलणारा वेगळा. क्षमा करणे म्हणजे हे भेद पुसून टाकणे नव्हे. झाले कसे, हे विचारायलाच हवे. पण "कसं झालं?" आणि "कुणी केलं?" या दोन प्रश्नांत फार अंतर आहे. पहिल्या प्रश्नाला माणूस उत्तर देतो, दुसऱ्याला तो घाबरून तोंड लपवतो.

ज्या घरात कप फुटला तरी रणकंदन माजते, तिथली मुले फुटलेले तुकडे कपाटामागे सरकवायला शिकतात. तीच मुले मोठी होऊन फॉरमॅट झालेली डिस्क गुपचूप जागेवर ठेवतात. आपल्या रागाची किंमत त्या दिवशी कळत नाही. ती पुढच्या चुकीच्या वेळी कळते, जेव्हा आपल्याला काहीच सांगितले जात नाही.

भरपाईचाही एक मार्ग आहे, आणि तो शिक्षेहून कठीण आहे. परत मिळालेल्या हजारो निनावी फोटोंना कुणीतरी पुन्हा नावे द्यावी लागतात. ते काम ज्याच्या हातून चूक झाली त्याने अंगावर घ्यावे. रोज संध्याकाळी तासभर बसावे, आजीला विचारावे, "ही कुणाची मिरवणूक? ही माणसं कोण?" पश्चात्ताप असा बैठक मारून केला की त्याला अर्थ येतो. आणि बाकीच्यांनी त्याच्या शेजारी बसावे.

जुन्या नोंदवह्यांचा धडा

प्रतींच्या बाबतीत आपल्याला दूर जायला नको. चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. संगणक यायच्या कितीतरी आधी, १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात नियम होता की वर्षअखेर प्रमुख धर्मगुरूंनी या वह्यांची अधिकृत प्रत बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी. आग, पूर, वाळवी यांपासून नोंदी वाचाव्यात यासाठी एका जागी भरवसा ठेवू नये, हे तेव्हाच ओळखले होते. आज छायाचित्रकार सांगतात तो तीन-दोन-एकचा नियम याचेच पुढचे रूप आहे. तीन प्रती ठेवा, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. अलास्काच्या अनुभवाने त्याला चौथी सूचना जोडली आहे. ती प्रत उघडते की नाही, हे अधूनमधून पाहत जा.

नोंदवह्यांतून आणखी एक गोष्ट शिकता येते. १९८३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, बाप्तिस्म्याची नोंद सापडत नसेल आणि त्यामुळे कुणाच्या हक्काला बाध येत नसेल, तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचे म्हणणेही पुरावा म्हणून चालते. म्हणजे वही गेली म्हणून बाप्तिस्मा गेला, असे कुणी मानत नाही. नोंद ही घटनेची साक्ष असते, ती स्वतः घटना नव्हे. लग्नाची चित्रफीत पुसली गेली म्हणून लग्न पुसले जात नाही. साक्षीदार अजून आहेत. बहिणीच्या मोबाइलमध्ये दोन फोटो असतील, छायाचित्रकाराकडे काही उरले असेल, पुण्याच्या मामांकडे एखादा अल्बम असेल. विचारत फिरलो तर तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ गोळा होते, आणि त्या निमित्ताने तुटलेल्या गाठीभेटीही होतात.

जे परत येत नाही त्याचे काय?

पण काही वेळा काहीच परत येत नाही. निवर्तलेल्या आईचा आवाज एकाच डिस्कवर होता आणि त्यावर दुसरे काही लिहिले गेले. तिथे ना तीनशे खोकी असतात ना मामांचा अल्बम. वर लिहिलेले सारे इथे तोकडे पडते, हे मान्य करायला हवे.

अशा माणसाला "आई तुझ्या मनात आहेच की" असे घाईघाईने सांगू नये. त्याचे खरोखर काही गेले आहे. त्याला दुःख करण्याचा हक्क आहे, आणि ते किती दिवस करावे हे आपण ठरवू नये. क्षमा करण्यासाठी नुकसान लहान करून दाखवावे लागत नाही. उलट नुकसान किती मोठे आहे हे ठाऊक असूनही समोरच्या माणसाला गमवायचे नाही, असे ठरवणे म्हणजे क्षमा. ती एका दिवसात होत नाही. पुष्कळदा ती रोज सकाळी नव्याने करावी लागते. आणि ज्याच्या हातून झाले त्यालाही हे जड ओझे आयुष्यभर वाहायचे असते. दोघांचे दुःख एकाच घटनेचे आहे, हे उमगले तर ते एकमेकांसमोर न बसता एकमेकांशेजारी बसू शकतील.

आवाज गेला, ते नुकसान भरून येणार नाही. पण त्यापायी भाऊही गेला, तर एकाऐवजी दोन नुकसाने होतील, आणि दुसरे चुकून झालेले नसेल.

म्हणून वाचकहो, या आठवड्यात दोन कामे करावीत. पहिले सोपे आहे. घरातल्या डिस्कची दुसरी प्रत काढा, तिसरी एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि डिस्कवर ठळक अक्षरांत तिचे नाव लिहा. दुसरे काम अवघड आहे. घरातल्या मुलांना, नव्याने घरात आलेल्या सुनेला, कामावरच्या हाताखालच्या माणसाला आजच सांगून ठेवा की तुमच्या हातून काही बिघडले तर आधी येऊन सांगा, मी आधी ऐकून घेईन. आणि तो दिवस येईल तेव्हा हा शब्द पाळा. कारण कुणी घाबऱ्या चेहऱ्याने दारात येऊन "माझ्या हातून काहीतरी झालंय" म्हणतो, तेव्हा बरेच काही अजून वाचण्यासारखे असते. त्यातले किती वाचेल हे पुष्कळ अंशी आपण उच्चारतो त्या पहिल्या शब्दावर अवलंबून असते.